२२ मिनिटांत तीन पद्धती

फोटोवर वेळही छापून येते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. भूगोल शिकवतो ना, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश नीट उमटलेत का, तेवढंच बघत होतो.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची होती. क्रायटेरिया टू माझ्या गळ्यात. संलग्न कॉलेजांना तेव्हा १००० पैकी ३५० गुण याच निकषाचे होते. त्यातला २.३.१ म्हणजे विद्यार्थीकेंद्री पद्धती : अनुभवातून, सहभागातून, समस्या सोडवत शिकणं. पुरावा म्हणून जिओटॅग फोटो.

एका दुपारी टी.वाय.ची चौदा मुलं गोळा केली. शिपाईमामांनी बाकं सरकवली, मुलं गोल बसली, मागे फ्लेक्स : 'गटचर्चा'. क्लिक. फ्लेक्स बदलला : 'सहभागी अध्ययन'. क्लिक. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, जागा तरी बदला. म्हणून खिडकीजवळची दोघं दाराशी गेली, एकाच्या हातात पृथ्वीगोल दिला. हे 'समस्या-निराकरण'. समस्या कोणती, ते कुणी विचारलं नाही. बाकं पुन्हा रांगेत.

फाइल लावायला थांबलेली मुलगी म्हणाली, "सर, तारीख एकच आहे. आणि वेळपण येतेय. २.१०, २.१८, २.३२."

"कोण बघतंय एवढं?" मी म्हणालो. हेच प्राचार्य म्हणाले असते तर स्टाफरूममध्ये आठवडाभर सांगत फिरलो असतो.

खरंच कुणी बघितलं नाही.

मुलांना केंद्रस्थानी ठेवा म्हणतात, पण त्यांना विचारायचं कुठे? विद्यार्थी निवडणुका १९९४ पासून बंद; २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद आली, आमच्या आवारात मतपेटी काही आली नाही. अभ्यासक्रम आणि पेपर विद्यापीठाचे, तिथे माझंही काही चालत नाही. असो.

पुढच्या सेमिस्टरला, मनात खुपत होतं म्हणून असेल, मी मुलांना आपापल्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला लावलं. दोरीला दगड बांधून, जानेवारीत एकदा, मार्चअखेर एकदा. एकाच्या शेतातल्या विहिरीत मार्चमध्ये दोरी पाण्याला टेकलीच नाही. शेजारच्याच्या विहिरीला मात्र पाणी. का, यावर त्या दिवशी जो वाद झाला! बोअर, ऊस, बांधावरचा ओढा, कुणाचा चुलता कुणाशी बोलत नाही इथपर्यंत गाडी गेली. तास संपला तरी कुणी उठेना. मी खडूसुद्धा उचलला नव्हता.

चार दिवसांनी तीच मुलगी आली. "सर, विहिरींवर प्रश्न येणार नाही ना? मग नोट्स द्या की."

राग आला. मग वाटलं, तिचं काय चुकलं? तिच्या घरी मार्कशीटच बघणार. पुढचे चार तास मी नोट्स सांगितल्या, मुलांनी माना खाली घालून उतरवल्या. खरं सांगायचं तर मलाही जरा बरंच वाटलं. पोर्शन पूर्ण झाला.

यंदा फाइल पुन्हा माझ्याकडे आलीय. विहिरींच्या नोंदींची वही कपाटात सापडली. फोटो मात्र एकही नाही.