‘आमच्याकडेच का यायचंय?’ या प्रश्नाची जात

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: ‘तुम्हाला आमच्याच कंपनीत का यायचंय?’ पौडमध्ये आम्ही वस्तीतल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी करून घेतो, तेव्हा सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथेच. खरं उत्तर प्रत्येकाला माहीत असतं. घर चालवायचंय, धाकट्या बहिणीची फी भरायचीय, आणि पिरंगुटची कंपनी एसटीच्या टप्प्यात आहे. पण हे बोलायचं नसतं, हेही माहीत असतं. बोलायचं असतं ते ‘आपल्या संस्थेची मूल्यं मला भावतात’ छापाचं काहीतरी.

तयारीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो या पाठ केलेल्या उत्तराला ‘मेरिट’ म्हणण्याला. ज्याचे काका-मामा कंपन्यांत साहेब आहेत, त्याला ही भाषा घरात आयती मिळते. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, त्याला ती क्लास लावून शिकावी लागते. मुलाखत घेणारा मात्र या फरकाला ‘आत्मविश्वास’ म्हणतो. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, आणि आपल्या देशात या भांडवलाचं वाटप जातीने केलेलं आहे.

मग पुढचे प्रश्न येतात. वडील काय करतात? मूळ गाव कुठलं? आडनाव आणि गाव जोडलं की महाराष्ट्रात आणखी काही विचारावं लागत नाही. एका संस्थेत आम्हाला हे सगळं विचारलं गेलं, एम.ए.ला काय शिकलात, हे मात्र कुणी विचारलं नाही. हा आमच्या एकट्याचा अनुभव नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या 25 कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून 2007 मध्ये लिहिलं की, हे अधिकारी ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असं म्हणत आणि तरी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी हमखास विचारत. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण एकतृतीयांशाने कमी निघाली. म्हणजे उत्तर देण्याची संधी मिळण्याआधीच निकाल लागलेला!

बाबासाहेब 1917 मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा ‘इथेच का?’ याचं उत्तर त्यांच्याकडे पक्कं होतं. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि त्या बदल्यात नोकरी करण्याचा करार होता. पण त्या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. उमेदवाराचं उत्तर कितीही खरं असलं तरी समोरच्याची तयारी नसेल तर ते उत्तर काय कामाचं?

म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला गेला पाहिजे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण तिथे वशिला चालतो हे उघड होतं. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, मुलाखत मात्र आहे. तिथे निदान सर्वांना तेच प्रश्न, तेही कामाबद्दलच, आणि कुटुंबाची चौकशी बंद, एवढं व्हायला काय हरकत आहे?

आमच्या मुलांना आम्ही सांगतो, मूल्यांची पोपटपंची करू नका. ‘मी फिटरचा आयटीआय केलाय, हे मशीन मला चालवता येतं, हे काम तुमच्याकडे आहे आणि मला पगाराची गरज आहे,’ असं ताठ मानेने सांगा. पोटासाठी काम मागण्यात लाज कसली? आणि मग तुम्हीही विचारा: नोकरी कंपनीची की ठेकेदाराची? पीएफ कापणार का? आमच्यासारखे किती जण तुमच्याकडे सुपरवायझर झाले?

तुमच्याकडे का यायचं, याचं उत्तर आम्ही देऊ. आम्ही का यावं, याचं उत्तर तुम्ही तयार ठेवा.

जय भीम!