पुढचा!

आमची द्वारका समुद्राकाठची नव्हे. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात. नाशिकची ही द्वारका रोज संध्याकाळी रहदारीत बुडते आणि रात्री दहा-अकराच्या सुमाराला पुन्हा वर येते. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना गाठतात आणि गाठल्यावर भांडत बसतात. २०१३ साली डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तेव्हा आम्हा रहिवाशांना वाटले, सुटलो! पण ज्यांना नाशकात थांबायचेच नव्हते ते वरून गेले. आमच्या वाट्याचे सगळे खालीच राहिले. एक सोय मात्र आहे. पुण्याहून येणारे माणूस इथे उतरले की पाच मिनिटांत आमच्या दारात.

तशी आमची नात गेल्या जुलैत, एका शनिवारी, न कळवता दारात उभी राहिली. पाऊस बेताचा होता, पण ही नखशिखांत भिजलेली. छत्री पिशवीत होती. छत्री जवळ असून जी मुलगी भिजत येते तिला लगेच काही विचारू नये, एवढे शहाणपण आमच्या सौभाग्यवतीपाशी आहे, माझ्यापाशी नाही. मी विचारले, "काय गं, परीक्षेत काही झालं का?"

"परीक्षेत काही नाही हो आजोबा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतले.

रात्री पिठलेभात पोटात गेल्यावर उलगडा झाला. पुण्यातल्या महाविद्यालयांचा पावसाळा म्हणजे पुरुषोत्तम करंडकाचा पावसाळा. 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था १९६३ सालापासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे. लिहिणारी मुले, बसवणारी मुले, भिंती रंगवणारी मुले आणि भरत नाट्य मंदिरात बसून घसा फुटेपर्यंत ओरडणारीही मुलेच. आमच्या नातीने पुण्याला जायचा हट्ट धरला तो तिथे अभ्यास बरा होतो म्हणून, असे तिच्या बापाला वाटते. खरे कारण मला आणि तिच्या आजीला ठाऊक होते.

निवडीला साठ-एक मुले आली होती. एकांकिकेत पात्रे सहा. तीन दिवस त्यांना उड्या मारायला लावले, झाड व्हायला लावले, रडायला लावले, आणि चौथ्या दिवशी मोबाईलवरच्या गटावर यादी आली. यादीत हिचे नाव नव्हते. यादीखाली टाळ्यांची चित्रे येऊ लागली. हिनेही एक टाळी टाकली म्हणे. न टाकावी तर दिसते. आमच्या वेळी यादी फळ्यावर लागत असे, आणि ती वाचून माणसाला निदान पाठ फिरवून जाता येई. आता यादी खिशात बसून राहते आणि दर दोन मिनिटांनी गुरगुरते.

मी आजोबा. माझे कर्तव्य मी बजावले. बालगंधर्वांची गोष्ट काढली: लहानपणी कानाने अधू, गाणाऱ्या नाटकमंडळीत असल्या मुलाला कोण घेणार? शाहू महाराजांनी मिरजेला उपचार करविले, आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेलेला हा मुलगा पुढे काय झाला ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मग अमिताभ बच्चन आणि आकाशवाणीची गोष्ट सांगितली, जी प्रत्येक घरातला प्रत्येक काका अशा प्रसंगी सांगतो. शेवटी म्हणालो, "अगं, २०२२ साली तर परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. अंतिम फेरीत पोचलेल्यांनाही नाही!"

"त्यांना निदान रंगमंचावर उभं राहायला मिळालं होतं ना?"

मी गप्प झालो. ती पुढे म्हणाली, "आणि आजोबा, तुम्ही सांगता त्या सगळ्या गोष्टी शेवटी ज्यांना घेतलं त्यांच्या आहेत. ज्याला घेतलंच नाही, पुढेही कधी घेतलं नाही, अशा एखाद्या माणसाची गोष्ट सांगा ना."

आता असा माणूस शोधायला मला फार लांब जायचे नव्हते. पण सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाने जी गोष्ट बायकोलाही अर्धीच सांगितली आहे ती नातीपुढे एकदम कशी काढावी?

गणितात नापास झालेला मुलगा म्हणू शकतो की पेपर अवघड होता, तपासणाऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते. तिथे आपण कागद पाठवतो आणि स्वतः घरी बसतो. नाटकाच्या निवडीला कागद चालत नाही. आपला आवाज, आपली उंची, पुढे आलेले दोन दात, चालताना जरासा बाहेर पडणारा डावा पाय हे सगळे बरोबर न्यावे लागते. आणि 'नको' म्हटले की तेच सगळे उचलून घरी आणावे लागते. रात्री झोपायचेही त्याच्याच बरोबर. हे काही पोरांचेच दुखणे नव्हे. केसकर मंत्री असताना, १९५०च्या दशकात, आकाशवाणीने गवयांना ध्वनिचाचणी लावली, तेव्हा मैफली गाजवलेले लोकही बिथरले होते. आम्हाला तपासणार कोण, हा त्यांचा सवाल. मला वाटते, सवाल रागाचा असला तरी त्याच्या तळाशी भीतीच असावी.

असो. मी घसा साफ केला आणि सांगायला लागलो.

१९७६ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी एकोणीस वर्षांचा. नाशिक हे तेव्हा नाटकाने भारलेले गाव. 'नटसम्राट' येऊन सहा वर्षे झाली होती आणि ती लिहिणारे शिरवाडकर आमच्या गावचे. 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे कानेटकरही आमच्याच गावात प्राध्यापकी केलेले. अशा गावात एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण नट नाही असे वाटणेच कठीण. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची निवड होती. मी 'रायगडा'तल्या संभाजीचा प्रवेश पाठ केला. पाठ कसला, काशिनाथ घाणेकर पाठ केले. मान झटकणे, केस उडवणे, थांबणे, सगळे. माझे केस तेल लावलेले असल्यामुळे उडत नसत, ही अडचण माझ्या ध्यानात आली नाही. माझे नाव पुकारले गेले. मी दोन वाक्ये म्हटली. तिसऱ्यासाठी श्वास घेतला, आणि टेबलामागून, मान वर न करता, सर म्हणाले, "पुढचा!"

एवढेच. वाईट म्हणाले असते तरी चालले असते.

इथपर्यंतची गोष्ट बायकोला ठाऊक होती. पुढची नव्हती. घरी गेलो तर आई दारात उभी. "काय रे, घेतलं का?" तिच्या हातात दिवाळीची उरलेली चकली होती, माझ्यासाठी राखलेली. त्या चकलीकडे पाहून मला नाही म्हणवेना. म्हणालो, "घेतलं."

आता घेतले म्हटल्यावर तालमी आल्या. रोज संध्याकाळी सहाला मी सायकल काढायचो आणि गोदावरीवर जायचो. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांवर बसायचे, पाण्यात पाय सोडायचे, नऊ वाजले की घरी यायचे. थंडीचे दिवस. तीन तास काढणे किती कठीण असते हे ज्याने खोटे बोलून तीन तास काढले आहेत त्यालाच माहीत. आई गरम भाकरी वाढायची आणि विचारायची, "आज कुठला प्रवेश बसवला?" मी सांगायचो. मी इतके तपशीलवार सांगायचो की त्या महिन्यात मी एक आख्खे नाटक बसवले म्हणा ना, फक्त ते कोणी पाहिले नाही.

संमेलन चार दिवसांवर आले आणि आई म्हणाली, "मी येणार हं बघायला."

दुसऱ्या दिवशी सरांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "सर, काहीही द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओळखले नसावे. "पडद्याचा दोर ओढशील?" म्हणाले.

मी दोर ओढला. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. विंगेतून मला ती दिसत होती. तीन अंकांभर ती प्रत्येक येणाऱ्या पात्राकडे मान उंच करून पाहत होती, असे मला त्या वेळी वाटले. दोर खरखरीत काथ्याचा होता, तळहात सोलून निघाले. नाटक कसे झाले कोण जाणे. मी फक्त खुणेचे वाक्य ऐकत होतो.

परत येताना टांगा केला. टांगेवाला, घोडा आणि आम्ही दोघे. शालिमारपर्यंत ती बोलली नाही, मीही नाही. सारडा सर्कलच्या आसपास ती म्हणाली, "पडदा मात्र अगदी वेळेवर पडला हो."

मी खाली पाहत होतो.

"महिनाभर चपला ओल्या करून येत होतास," ती म्हणाली. "तालमीत काय नदी ओलांडायची होती?"

म्हणजे तिला पहिल्या आठवड्यापासूनच ठाऊक होते. शेजारच्या काकूंना फार यायचे होते, त्यांना तिने पास एकच मिळाला म्हणून सांगितले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी, काकूंकडूनच कळले. पास वगैरे काही नव्हताच. सगळ्यांना मोकळे होते. एका घरात दोघे खोटे बोलत होतो आणि दोघांनाही वाटत होते, दुसऱ्याला बोलायला भाग पाडू नये.

नात उशीवर हनुवटी टेकून ऐकत होती. आमची ही सुपारी कातरायची थांबली होती.

"मग पुन्हा कधी उभे राहिलात?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. बँकेत लागलो. रोखपाल. एकतीस वर्षं खिडकीमागून, मान वर न करता, दिवसातून शंभरदा म्हणत होतो, पुढचा!"

ती खळखळून हसली. पहिल्यांदाच. मीही हसलो, पण खरे सांगायचे तर त्या हसण्यात मला थोडे बोचले. पुन्हा का उभा राहिलो नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. आईने रागावायला हवे होते का? रागावली असती तर कदाचित ईर्ष्येने उभा राहिलो असतो. तिने इतके सांभाळून घेतले की पडद्याचा दोरच मला पुरेसा वाटू लागला. हे मी नातीला सांगितले नाही. आईवर बोल ठेवल्यासारखे होते, आणि ती बिचारी बोल ऐकायला आता नाही.

रविवारी दुपारी तिला पुण्याच्या गाडीवर बसवायला पुलाखाली गेलो. रिक्षा, हातगाड्या, आडवी उभी राहिलेली मालमोटार, नेहमीचे सगळे. गाडीचा पत्ता नव्हता. ती एकाएकी म्हणाली, "आजोबा, रागावू नका हं. तुमची गोष्ट मला आवडली. पण मी दोर ओढणार नाही. पुढच्या वर्षी परत उभी राहणार."

"आणि नाही घेतलं तर?"

"त्याच्या पुढच्या वर्षी."

"आणि तेव्हाही नाही घेतलं तर?"

"तर इथे येईन. भिजत."

माझ्या दोराचा असा भर रस्त्यात निकाल लागला. मी काही बोलणार तोच गाडी आली, आणि चिवड्याचा डबा सांभाळीत ती गर्दीत शिरून वर चढली. खिडकीतून हात हलवला की नाही ते मध्ये आलेल्या रिक्षामुळे दिसले नाही.

घरी आलो. ही दारातच होती.

"छत्री नेली का तिने?"

छत्री खुंटीवरच होती.