एका घावात सगळं जाऊ नये

ठेवीदार सल्ला मागायला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: कोणती बँक सुरक्षित? बँकांचे ताळेबंद वाचणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि तरीही या प्रश्नावर घरखर्चाचा पैसा अवलंबून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण त्याचं खात्रीचं उत्तर बँकेबाहेरच्या माणसाला मिळू शकत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, हा त्याचा सर्वांत कडू पुरावा. २०१८-१९ च्या अहवालात या बँकेचा नफा जवळपास १०० कोटी रुपये होता, थकीत कर्जांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत होतं आणि ठेवी ११,००० कोटींच्या वर होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असं सांगितलं. पुढे तपासात आलं ते असं: एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम गुंतली होती आणि ते लपवण्यासाठी २१,००० हून जास्त बनावट खाती दाखवली गेली होती. शाळेतले शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार यांनी हे ओळखायला हवं होतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. वाचायला दिलेला ताळेबंदच खोटा असेल तर तो वाचता येण्याचा काय उपयोग?

पीएमसी हा अपवाद होता, असंही म्हणता येत नाही. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिथे सुरुवातीला एक रुपयाही काढायची मुभा नव्हती, आणि तिजोरीतल्या रोख रकमेतून १२२ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दाखल झाली. पुण्याची रुपी बँक १९१२ साली स्थापन झालेली. तिच्यावर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं माणसं पासबुकात दिसणारी पण हाताला न लागणारी रक्कम सांभाळत बसली. शंभरी गाठलेली संस्था, ओळखीचे संचालक, शेजारची शाखा, अर्धा टक्का जास्त व्याज, या गोष्टींवर आपण विश्वास ठेवतो. त्यांतली एकही गोष्ट बँकेच्या कर्जखात्यांबद्दल काही सांगत नाही.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. ‘कोणती बँक बुडणार नाही?’ याऐवजी ‘ही बँक उद्या बंद झाली तर माझं घर किती दिवस चालेल?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला भविष्य कळावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर आज संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं.

त्यासाठी आधी ठेव म्हणजे काय, हे स्पष्ट असावं लागतं. लॉकरमधलं सोनं आपलंच राहतं. ठेवीचे पैसे मात्र आपण बँकेला उसने दिलेले असतात, आणि तेही काहीही तारण न घेता. या उसनवारीमागे कायद्याने उभी केलेली एकच भिंत आहे, ती ठेव विम्याची. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १९६१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. सहकारी बँका १९६८ च्या दुरुस्तीनंतर या छत्राखाली आल्या. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि तब्बल २७ वर्षं तिथेच अडकून राहिली. पीएमसीच्या ठेवीदारांचा आक्रोश देशभर ऐकू गेला, त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाखांवर गेली. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. आता बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की सर्वसाधारणपणे ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. हे ठेवीदारांनी रस्त्यावर उभं राहून मिळवलेलं आहे, आणि त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

या विम्याचे बारकावे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरलं जातं, त्यामुळे बरोबर पाच लाखांची मुदत ठेव ठेवली तर तिच्यावरचं व्याज उघड्यावर पडतं. एकाच बँकेच्या दादर, डोंबिवली आणि नाशिक शाखांत पैसे विभागले तरी ते एकत्रच मोजले जातात. वेगळेपण बँकेचं लागतं किंवा खातेदाराच्या नात्याचं. स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं खातं, पत्नीसोबतचं संयुक्त खातं आणि अज्ञान मुलाचा पालक म्हणून उघडलेलं खातं, या तिन्ही खात्यांना स्वतंत्र संरक्षण असतं. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते वेगळं धरलं जातं. त्याच बँकेचं आपल्यावर कर्ज असेल तर ते देय रकमेतून वळतं होऊ शकतं. एवढं समजलं तर चार माणसांच्या मध्यमवर्गीय घराची बहुतेक पुंजी विम्याच्या आत बसवता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. विम्याचा हप्ता बँक भरते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, मोठी बँक गाठली की हे सगळं व्यर्थ. सरकार ती बुडू देत नाही. इतिहास बऱ्याच अंशी या बाजूने आहे, हे मान्य करायला हवं. येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा लागली, आणि स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभं राहून १८ मार्चला ती उठली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएसमध्ये विलीन झाली. ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिघींना तर रिझर्व्ह बँक अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने अत्यावश्यक मानते. पण या आक्षेपात पैसा बुडणं आणि पैसा अडकणं यांची सरमिसळ होते. शस्त्रक्रियेची तारीख परवा असेल तर तेरा दिवसही फार असतात. पीएमसीच्या ठेवीदारांना पूर्ण तोडगा दिसायला २८ महिने लागले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांवर पसरवली गेली. विमा तोट्यापासून वाचवतो, खोळंब्यापासून वाचवत नाही. खोळंब्यावर उपाय एकच: किमान तीन-चार महिन्यांचा खर्च, शक्यतो पगार किंवा पेन्शन जमा होते त्या बँकेपेक्षा वेगळ्या बँकेत, केव्हाही काढता येईल असा.

हे वाचून सहकारी बँकांचे कार्यकर्ते नाराज होतील, याची मला जाणीव आहे. ज्या छोट्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, महिला उद्योजिकेला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याला या बँकांनी कर्ज दिलं. महाराष्ट्राच्या गावोगावच्या बाजारपेठा त्यांच्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे ठेव ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. विम्याच्या मर्यादेत जरूर ठेवा. माझी खरी चिंता पतसंस्थांची आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांची आहे. त्या बँका नाहीत, रिझर्व्ह बँकेचं त्यांच्यावर नियंत्रण नाही आणि पाच लाखांचा हा विमा त्यांना लागू नाही. काचेची दारं, टोकनचं यंत्र, गणवेशातले कर्मचारी पाहून सामान्य माणसाला फरक कळत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी संस्थेत आणि अलीकडे बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांत ऊसतोड मजुरांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळे होते.  ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी असते. त्या यादीत नाव नसेल तिथे आयुष्याची पुंजी ठेवू नये. व्याज कितीही असो.

आता दुसरा धोका. आपली ओळख चोरून आपल्याच खात्यातून पैसे काढणं किंवा आपल्या पॅनवर परस्पर कर्ज उचलणं हा बँक बुडण्यापेक्षा वेगळा विषय वाटतो. मला तो वेगळा वाटत नाही, कारण त्याच्यामागेही तीच चूक आहे. तिथे आपण म्हणतो, माझी बँक बुडणार नाही. इथे म्हणतो, मी फसणार नाही, मी हुशार आहे, मी ओटीपी कुणाला देत नाही. पण आधार कार्डाची झेरॉक्स आपण लॉजमध्ये, सिमकार्डच्या दुकानात, भाडेकरारात, सोसायटीच्या कार्यालयात देऊन बसलो आहोत. आपली माहिती बाहेर गेली आहे असंच धरून चालणं शहाणपणाचं. आधार आधारित पेमेंट व्यवस्थेत तर बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात; ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची रबरी प्रतिकृती करून खाती रिकामी केल्याची प्रकरणं काही राज्यांत उघड झाली आहेत. तिथे खातेदाराच्या हुशारीचा प्रश्नच नव्हता. त्याला फोनसुद्धा आला नाही. एम-आधार ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक्स बंद करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा थोड्या वेळापुरती उघडता येतात. गावाकडे ज्या आई-वडिलांना बँक मित्राकडून पैसे काढण्यासाठी अंगठा लागतो, त्यांचे ठसे बंद ठेवणं गैरसोयीचं आहे. त्यांच्यासाठी त्या खात्यात कमी रक्कम ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग.

इथे माझ्या युक्तिवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. बँक बुडण्याच्या भीतीने चार बँकांत खाती उघडायची, म्हणजे चोरांसाठी चार दारं करायची. चार पासवर्ड, चार कार्डं, चार ॲप. ज्येष्ठ नागरिकांना तर हे झेपणारच नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माझं उत्तर असं की, विभागणी खात्यांच्या संख्येची करायची नसून कामाची करायची. रोजच्या व्यवहाराचं एक खातं: यूपीआय, कार्ड, बिलं सगळं त्यावर, आणि शिल्लक महिनाभराच्या खर्चाएवढी. साठवणुकीची एक-दोन खाती: त्यांना यूपीआय जोडायचं नाही, डेबिट कार्ड घ्यायचं नाही किंवा घेतलेलं बंद ठेवायचं, ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा शून्यावर आणायची, पैसे हवे असतील तर शाखेत जायचं. ही गैरसोयच त्या खात्याचं संरक्षण आहे. बहुतेक घरांना तीन बँका पुरतात. त्यापलीकडची, जुन्या नोकरीत उघडलेली, विसरलेली खाती बंद करावीत. चोराला तीच फार सोयीची असतात. सर्व खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असणं हे आजचं सर्वांत दुर्लक्षित छिद्र आहे. ते सिम कुणी परस्पर बदलून घेतलं तर सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडतात. साठवणुकीच्या खात्याला दुसरा क्रमांक, साध्या फोनमधला, दिला तर हे छिद्र बुजतं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे संचार साथी संकेतस्थळावर कळतं. परस्पर काढलेलं कर्ज कळतं पत अहवालात: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा तो मोफत द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागितला तर वर्षभर पहारा राहतो.

आणि तरीही चोरी झाली तर? तेव्हा वेळ हाच पैसा वाचवतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नसेल आणि आपलीही नसेल, तर बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. चूक आपली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ज्याच्याकडून चूक झाली त्यालाही, किंबहुना त्यालाच, सर्वांत आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचं कारण आहे. पण तोच माणूस लाजेने गप्प बसतो. घरच्यांनी ‘एवढं शिकून कसा फसलास?’ असं विचारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या एका वाक्याच्या धास्तीने तास-दोन तास जातात, आणि तेवढ्यात रक्कम पाच-सहा खात्यांतून फिरून एटीएमबाहेर पडते.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो: ही सगळी कसरत ठेवीदारानेच का करायची? २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले, तेव्हा तोटा बँकेचा मानला गेला; एकाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही. हाच न्याय सर्वत्र का नसावा? ठशावर पैसे काढण्याची सोय खातेदाराने मागेपर्यंत बंद असावी. नव्या खातेदाराच्या यूपीआयची मर्यादा लहान असावी आणि त्याने लेखी मागितल्यावरच वाढावी. सत्तरीच्या माणसाच्या खात्यातून पहिल्यांदाच अनोळखी खात्यात मोठी रक्कम निघाली तर ती काही तास थांबवावी. पतसंस्थेच्या दारावर, मराठीत आणि ठळक अक्षरांत, ‘येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही’ अशी पाटी लावणं सक्तीचं असावं. यांतल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. हे होईपर्यंत कागद-पेन्सिल आपल्याच हातात आहे. दिवाळीचा बोनस किंवा मुदत संपलेली ठेव पुन्हा गुंतवायची असेल, तर व्याजदराचा तक्ता पाहण्याआधी त्या बँकेत आपलं आधीच किती आहे, एवढी बेरीज करून घ्या.