घर पाहावं... नाचून!

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. मी अजून दोन्ही केलेलं नाही. पण मित्रांनो, घरावर एक सिनेमा मात्र केलाय! सिनेमा म्हणजे बारा मिनिटांची फिल्म, तीही मोबाईलवर शूट केलेली.

झालं असं, की गॅदरिंगला स्पॉन्सर मिळेना. शेवटी शहरातले एक प्रॉपर्टी एजंट तयार झाले. अट एकच. मुलांनी गाण्यांची, विनोदी फिल्म करायची आणि त्यातून दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात बसल्या पाहिजेत : भाडं भरत बसू नका, स्वतःचं घर घ्या; आणि घेताना एजंटमार्फत घ्या. ग्रुप म्हणाला, "मोलग्या, तू लिही!" मी अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीचा. माझं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलंय.

अभ्यास म्हणून रूमवर पुन्हा एकदा 'अशी ही बनवाबनवी' लावला. 1988 चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'ची. पुण्यात चार पोरांना जागा मिळत नाही, घरमालकीण फक्त जोडप्यांनाच ठेवून घेणार, मग परशा आणि सुधीर साड्या नेसतात. सगळे पोट धरून हसत होते. मीही हसलो. मग मध्येच माझं हसू थांबलं.

कारण फर्स्ट इयरला मीही बनवाबनवी केली होती. होस्टेल मिळालं नाही, म्हणून एका एजंटबरोबर खोल्या बघत फिरलो. "गाव कुठलं? आडनाव काय?" पहिल्या दोन ठिकाणी खरं सांगितलं. "कळवतो" म्हणाले. ते अजून कळवतायत! तिसऱ्या दाराशी एजंट हळूच म्हणाला, "गाव नुसतं नंदुरबार सांग. आडनावाचं मी बघतो." खोली मिळाली. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलं. साडी नेसायची तेवढी राहिली.

स्क्रिप्ट काही सुचेना. घरी फोन लावला. बाबांना विषय सांगितला, तर म्हणाले, "स्वतःचं घर घ्या, हे नाचून सांगावं लागतं का रे?"

आमचं घर बाबांनी बांधलं तेव्हा अख्खा पाडा आला होता. सागाचे खांब, बांबूचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. मजुरी कोणी घेतली नाही, सगळे जेवून गेले. एजंट नाही, कर्ज नाही, हप्ता नाही. मी हेच ऐटीत म्हणालो, तर बाबा म्हणाले, "पण कागदही नव्हता." खरं होतं. जमीन वनखात्याची. सरकारी गाडी चढावर दिसली की आईचा हात चुलीपाशी थांबायचा, हे मला आठवतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला, बऱ्याच वर्षांनी पट्टा मिळाला. त्यावर आई-बाबा दोघांची नावं आहेत. कायद्यानं तो विकता येत नाही, फक्त वारसाला मिळतो. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलाय.

मग मला एजंटसाहेबांची अट अगदीच खोटी वाटेना. आपल्या दारात आपल्याला कोणी "कुठला रे तू?" विचारू नये, यासाठीच तर माणूस घर घेतो.

रात्रीत स्क्रिप्ट झाली. 1977 च्या 'घरौंदा'त जोडपं पै पै साठवून फ्लॅटचे पैसे भरतं आणि फसतं. म्हणून आमची नायिका नाचत येणाऱ्या एजंटला आधी महारेराचा नोंदणी क्रमांक विचारते. 2016 च्या रेरा कायद्यानं घरविक्रीतल्या एजंटला नोंदणी सक्तीची केली, आणि महाराष्ट्रात 2023 पासून त्यांना परीक्षाही आहे. (म्हणजे केटी फक्त आपल्यालाच नाही!) हे गाणं साहेबांना फार आवडलं.

शेवटचा सीन मात्र आवडला नाही. त्यात एजंट नायकाला म्हणतो, "गाव दुसरं सांग." नायक ढोलाच्या तालावर मोठ्यानं "मोलगी!" म्हणतो आणि नाचायला लागतो. साहेब म्हणाले, "हे काढा. लोक हसायला येतात." ग्रुपची मीटिंग झाली. मला वाटलं, काढतील. पैशांचा प्रश्न होता. पण सीन राहिला, चेक निम्मा झाला आणि गॅदरिंगला साऊंड सिस्टिम जी आली ती तुम्ही सगळ्यांनी ऐकलीच आहे. त्याबद्दल क्षमस्व!

"मोलगी" वर मागून शिट्ट्या पडल्या. मी पडद्याआड उभा होतो. पाय आपोआप हलत होते.

परवा धडगावचा एक ज्युनिअर आला, "दादा, रूम बघायची आहे. काय सांगू?" म्हटलं, "चल, मी येतो बरोबर. आधी गाव सांगायचं, मग भाडं विचारायचं."

रविवारी निघतोय. बघू किती जण "कळवतो" म्हणतात.

– तृतीय वर्ष, स्थापत्य