शिकाऱ्याची अंत्ययात्रा

गुस्ताव माहलर ह्या युरोपीय संगीतकाराची पहिली सिंफनी चंद्रपुरासारख्या कोळशाच्या आणि अरण्याच्या गावी बसून ऐकण्यात काही औचित्य आहे काय, असा प्रश्न पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांनी आम्हांस मध्यंतरी केला. प्रश्नात थट्टा थोडी होती आणि जिज्ञासा पुष्कळ होती. चहा संपेपर्यंत उरकावे असे त्याचे उत्तर नसल्यामुळे ते आम्ही येथे लिहीत आहोत.

माहलरचा जन्म १८६० साली बोहेमियातील एका खेड्यात झाला. बाप मद्याचा व्यापारी. घराजवळ लष्करी शिंगांचे आवाज, गुत्त्यातली नाचगाणी, आणि एकामागून एक भावंडांचे मृत्यू, अशा वातावरणात त्याचे बालपण इग्लाऊ गावी गेले. ही सिंफनी त्याने १८८८ साली लाइप्झिग येथे पुरी केली आणि २० नोव्हेंबर १८८९ रोजी बुडापेस्ट येथे ती प्रथम वाजली. त्याच वर्षी त्याचे वडील, आई आणि एक बहीण अशी तिघे वारली होती. एकोणतीस वर्षांच्या ह्या तरुणाचे संगीत श्रोत्यांना पूर्वार्धात बरे वाटले. उत्तरार्धात मात्र ते गोंधळून गेले. ते का गोंधळले हेच आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सिंफनीचा आरंभ एकाच स्वराने होतो. तो एक स्वर सात सप्तकांत पसरलेला असतो. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या कानांना ह्यात नवल वाटत नाही. उलट कोणीतरी तारा जुळवून ठेवल्या आहेत आणि गवई अजून यायचा आहे असे वाटते. पहिल्या प्रयोगाच्या तालमीत माहलरला हा स्वर फार जड वाटला, म्हणून त्याने तंतुवाद्यांवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारे पातळ स्वर योजिले. त्यामुळे आता तो आवाज धुक्यासारखा भासतो. मोहर्लीच्या बाजूने ताडोबाच्या रानात हिवाळ्याच्या पहाटे ज्यांनी प्रवेश केला असेल, त्यांस ह्या धुक्याची ओळख करून देण्याचे कारण नाही.

मग एक पक्षी बोलतो. युरोपातला कुक्कू हा आपल्या कोकिळेच्या कुळातला खरा. पण आपला कोकीळ हाकेगणिक वर चढत जातो आणि तो पक्षी दोन स्वरांत खाली उतरतो. साधारणतः तो कोमल गांधारावरून षड्जावर येतो. माहलरचा पक्षी मात्र मध्यमावरून षड्जावर उतरतो, आणि ह्याच अंतरातून पुढे सगळा पहिला भाग उगवतो. पक्षिशास्त्रज्ञ ह्याला चूक म्हणोत. आम्हांस ही कवीची मुभा वाटते.

दुसऱ्या भागात खेडुतांचा नाच आहे. तो गोड आहे आणि त्याविषयी आम्हांस अधिक काही म्हणावयाचे नाही. मूळ पाच भागांपैकी एक माहलरने पुढे गाळला. तो १९६६ साली हस्तलिखितात सापडला. १९३६ साली मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता ह्यांनी ही सिंफनी वाजवून घेतलेली ध्वनिमुद्रिते आमच्या घरी आहेत आणि त्यांतील एकात हा गाळलेला भागही ऐकावयास मिळतो. तो गाळला हे बरे झाले, असे आमचे मत आहे.

खरा वाद तिसऱ्या भागाचा. इंग्रजी शाळांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही ठाऊक असलेले एक फ्रेंच बालगीत, झोपी गेलेल्या भावाला उठविण्याचे, येथे संथ गतीने येते. फक्त गांधार आणि धैवत कोमल झालेले. तेवढ्याने त्या गाण्यातला भाऊ कायमचा झोपल्यासारखा वाटू लागतो. आरंभी ते एकटा डबल बेस वाजवितो, मग एकेक वाद्य मागून येऊन रांगेत चालू लागते. माहलरच्या मनात येथे एक चित्र होते. मोरिट्झ फॉन श्विंड ह्या चित्रकाराने शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढली आहे. प्रेत शिकाऱ्याचे आणि खांदेकरी रानातले पशू. ससे, हरणे, पक्षी शोक करीत चालले आहेत. हा शोक खरा की ढोंगी, हे चित्रही सांगत नाही आणि संगीतही सांगत नाही.

आमच्या मुलुखात ही कथा उलट्या क्रमाने नांदते. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडले असे सांगतात तो तारू हा गोंडांचा प्रमुख. तो वाघाशी झुंजता झुंजता मारला गेला, आणि तळ्याकाठी त्याचे देवस्थान झाले. म्हणजे वाघाने मारलेला माणूसच पुढे रानाचा देव झाला. पौषात तेथे यात्रा भरत असे. श्विंडच्या पशूंनी शत्रूला खांदा दिला. येथल्या माणसांनी वाघाचे रान वाघाकडे ठेवून आपला मृत त्यात बसविला. दोहोंत अधिक समंजस कोण, हे ठरविणे आम्हांस जमलेले नाही.

आणि हे पुराण नव्हे. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत माणसे पहाटे रानात वाकून काम करतात, आणि त्याच दिवसांत घात होतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच गावच्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एका दिवशी मृत्यू पावल्या. आमच्या घरी वर्षानुवर्षे मोहफुले आणून देणारी मूलकडची एक वृद्धा त्याआधी काही वर्षे अशीच गेली. आम्ही उभयता त्या गावी गेलो होतो. लग्नसराईचे दिवस. प्रेत उचलले तेव्हा शेजारच्या टोल्यावरून वरातीच्या बँडचा आवाज वाऱ्यावर येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. तो बंद करावयास कोणी गेले नाही. तिचा म्हातारा भाऊ एवढेच म्हणाला, “त्याइचंबी लगन आहे जी. आन् वाघालेबी पोट आहे.”

माहलरच्या त्या शोकयात्रेत मध्येच गुत्त्यातला बँड शिरतो. झांजा, ढोल, उडती धून. बुडापेस्टचे श्रोते गोंधळले ते येथे. त्यांना तो विनोद वाटला आणि प्रेतयात्रेत विनोद सोसेना. वडसा-देसाईगंजची झाडीपट्टीची नाटके ज्यांनी रात्रभर बसून पाहिली आहेत, त्यांची अशी अडचण होत नाही. तेथे आईच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच प्रवेशात विनोदी पात्र येते, आणि मघाशी रडणारे प्रेक्षक तेच डोळे पुसून हसतात. कोणी त्यांस उथळ म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.

चौथ्या भागाविषयी आमची तक्रार आहे. तो किंकाळीने उघडतो, झगडतो आणि शेवटी जयघोषात संपतो. त्या वेळी हॉर्न वाजविणाऱ्यांनी उभे राहावे अशी माहलरची सूचना आहे. हॉर्न हे वाद्य मुळात शिकाऱ्याचे. ज्याचे प्रेत आताच पशूंनी नेले, त्याचीच शिंगे उठून विजय सांगतात. संगीत म्हणून हे थोर आहे ह्यात शंका नाही. पण तिसरा भाग संपताना मिरवणूक दूर दूर जाते, पावले पुसट होतात, आणि जवळजवळ काहीच ऐकू येईनासे होते. उन्हाळ्याच्या रात्री खिडक्या उघड्या असल्या म्हणजे आमच्या घरी यंत्र पुष्कळदा तेथेच बंद केले जाते.