रात्रीच्या बरोबरीने

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१८ च्या मार्चअखेरीस मी मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने गेले. तिकिटावर जायला सोळा तास, यायला साडेचौदा. शेजारच्या काकूंना ती छपाईची चूक वाटली. मला मात्र हरखून जायला झालं, कारण जन्मभर मुलांना जो भूगोल शिकवला तोच त्या दीड तासात दडलेला होता.

निघण्याआधी भाचरांना जमवून पृथ्वीगोलावर दोरा धरला. मुंबईवर एक बोट, न्यूयॉर्कवर दुसरं. दोरा घट्ट ताणला की आपसूक उत्तरेकडे सरकतो. तो तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्को, हेलसिंकी करत आइसलँडवरून गेला आणि ग्रीनलँडच्या टोकाला घासून लाब्राडोरमध्ये उतरला. अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली तर ती इजिप्त, लिबिया, मोरोक्कोवरून जाते. दिसते सरळ, पण प्रत्यक्षात दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा पडतो. गोल हातात न देता नकाशावर अंतरं शिकवणं मला कधीच पटलेलं नाही.

विमान रात्री दीडला सुटलं. जेवणं झाली, दिवे मालवले, बहुतेक जण झोपले. मी समोरच्या पडद्यावरचे आकडे बघत बसले. उंची साडेदहा हजार मीटर, बाहेर उणे ५६ अंश, वेग ताशी ८२० किलोमीटर, समोरून वारा ७०.

हेलसिंकी मागे पडलं आणि मी खिडकीला नाक लावून मागे पाहिलं. पूर्वेला फटफटल्यासारखी एक फिकट पट्टी होती. अर्ध्या तासाने पाहिलं, तेवढीच. तासाने पाहिलं, तरी तेवढीच! विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो. साठ अंश अक्षांशावर रिंगण निम्मं, म्हणून वेगही निम्मा, ८३५ च्या आसपास. आमचं विमान पश्चिमेला जवळजवळ त्याच वेगाने चाललं होतं. पहाट आमच्या पाठीशी होती आणि तिला आम्हाला गाठता येत नव्हतं. फळ्यावर कितीदा काढलेली ती आकृती मी त्या रात्री आतून पाहत होते. डोळे भरून आले. पुढे विमान दक्षिणेकडे उतरू लागलं, खालचं रिंगण मोठं झालं, तेव्हा कुठे लाब्राडोरच्या बर्फावर ऊन पडलं.

नातीला न्हाऊमाखू घालून परतले तेव्हा पडद्यावर वेग होता १,०४०, पाठीमागून वारा १५०. इंजिनं तीच, हवेतला वेगही तोच. हा पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह. जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि अहवाल एस्परान्तो भाषेत छापला. जगाने बराच काळ त्याकडे लक्ष दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, ती याच वाऱ्यासाठी. वाट लांबून १५,००० किलोमीटरच्या पुढे गेली, तरी विमान आधीपेक्षा लवकर पोचायचं. भाचरांना हे सांगितलं, तर त्यांनी पुन्हा दोरा मागितला.