एकाच नावाची तीन खाती

तीर्थपुरीत संस्था कुठलीही काढा, तिचं नाव गावावरूनच सुरू होतं. आमच्या कार्यालयात एकाच संगणकावर चार खात्यांचा मेल उतरतो. एक शेतकरी उत्पादक कंपनीचं, दुसरं पाणी वापर संस्थेचं, तिसरं कृषी सेवा केंद्राचं आणि चौथं माझं स्वतःचं. पहिल्या तिन्ही पत्त्यांची सुरुवात इंग्रजीतल्या ‘तीर्थपुरी’ या शब्दानेच होते. पत्ते काढले तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मेल बघायला आम्ही थंडरबर्ड वापरतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या घरातला हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली. चारही खाती एकाच खिडकीत दिसतात. शिवाय मेल संगणकावर उतरून राहतो, त्यामुळे नेट गेलं तरी जुनं पत्र सापडतं. आमच्याकडे या सोयीचं मोल मोठं आहे.

थंडरबर्डमध्ये नवीन खातं जोडलं की त्याला नाव म्हणून मेलचा पत्ताच लागतो. ही नावं डावीकडच्या उभ्या पट्टीत दिसतात. पट्टी अरुंद असली की नाव मध्येच तुटतं आणि पुढे तीन ठिपके येतात. आमच्या पट्टीत ‘तीर्थपुरी’ आणि ठिपके असं एकाखाली एक तीन वेळा दिसायचं. प्रत्येकाखाली इनबॉक्स, ड्राफ्ट्स, सेंट. कुठला इनबॉक्स कुणाचा हे वरून कितवा आहे त्यावरून ओळखायचं, अशी आमची सवय झाली होती.

दिवाळीच्या तोंडावर ही सवय महागात पडली. आंबे बहाराच्या मोसंबीची तोडणी जोरात होती. परराज्यातल्या एका खरेदीदाराकडे कंपनीची गाडी गेली. मागोमाग वजनाच्या पावत्या, बिल आणि बँक खात्याचा तपशील मेलने पाठवायचा होता. संगणकावर बसणारी मुलगी हुशार आहे, हात जलद चालतो. तिने आधी पाणी वापर संस्थेच्या इनबॉक्समधलं एक पत्र वाचलं आणि तिथूनच नवीन मेल लिहायला घेतला. थंडरबर्डमध्ये जे खातं उघडं असेल त्याच्याच पत्त्यावरून नवीन मेल सुरू होतो. बिल मोसंबीचं, पण पाठवणारा पत्ता पाणी वापर संस्थेचा, असा तो मेल गेला.

खरेदीदाराच्या हिशेबनिसाने पैसे थांबवले. मी त्याला दोष देत नाही. हल्ली ओळखीच्या कंपनीच्या नावाने मेल येतो, त्यात बँक खातं वेगळं असतं आणि रक्कम भलत्याच्याच खात्यात जाते. अनोळखी पत्त्यावरून बिल आलं तर त्याने थांबायलाच हवं होतं. पण इकडे शेतकरी कार्यालयात येऊन बसू लागले. ‘दादा, पट्टीचे पैसे कधी?’ एवढंच विचारायचे. कुणी आवाज चढवला नाही. सणाला घरी कापड न्यायचंय हे न सांगताही कळत होतं. त्या आठवड्यात सकाळी कार्यालयाचं कुलूप उघडायचंही जिवावर यायचं.

मुलगी रडकुंडीला आली होती. म्हणाली, ‘काका, मला खरंच दोन्ही सारखेच दिसले हो.’ तिच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघितलं. तिचं खरंच होतं.

कंपनीच्या पत्त्यावरून सगळी कागदपत्रं पुन्हा पाठवली. खरेदीदाराने आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर अध्यक्षांना फोन करून खात्री केली आणि पैसे सुटले. सणाच्या आत सगळ्यांना पट्ट्या वाटता आल्या. पुन्हा असं होऊ नये म्हणून नावं बदलून घ्यायची ठरलं.

संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खात्याच्या ‘युवर नेम’ या चौकटीत लहान नावं टाकली. मोसंबी, पाणी, दुकान. डाव्या पट्टीत काहीच बदललं नाही. ‘बंद करून चालू केलं की दिसेल,’ असं म्हणून तो गेला. काही दिसलं नाही. पुढे बँकेतून फोन आला की ‘मोसंबी’ या नावाने कर्जाच्या कागदांचा मेल आलाय, हा कुणाचा? तेव्हा कळलं की ती चौकट समोरच्याला दिसणाऱ्या नावाची आहे. तिथे लिहिलेलं आपल्या पट्टीत येत नाही, ते पत्राबरोबर बाहेर जातं.

शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, ‘मामा, दोन चौकटी आहेत, एकाखाली एक. वरची तुमच्यासाठी, खालची जगासाठी. खालची आधी होती तशी करा.’ मग तिने फोनवर एकेक पायरी सांगितली. इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून ती इथे देतो.

पट्टीत खात्याच्या नावावर उजवं बटण दाबायचं आणि ‘सेटिंग्ज’ निवडायचं. अकाउंट सेटिंग्जचं पान उघडतं. अगदी वर ‘अकाउंट नेम’ अशी चौकट असते आणि तिच्यात मेलचा पत्ता भरलेला दिसतो. तो पुसून हवं ते नाव लिहायचं. मराठीतही चालतं. त्याखाली ‘डिफॉल्ट आयडेंटिटी’ असा भाग आहे. ‘युवर नेम’ त्यात येतं, तिथे संस्थेचं पूर्ण, अधिकृत नाव ठेवायचं. जतन करायचं वेगळं बटण नाही. पान बंद केलं की झालं. मेलचा पत्ता, पासवर्ड, आलेली पत्रं, यातल्या कशालाही धक्का लागत नाही.

नावं काय द्यायची यावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. अध्यक्षांचं म्हणणं, नोंदणीचं पूर्ण नाव द्या. तसं केलं असतं तर पुन्हा ‘तीर्थपुरी’ आणि ठिपके हेच दिसलं असतं. आम्ही गावाचं नाव काढूनच टाकलं. ‘मोसंबी कंपनी’, ‘कालवा’, ‘दुकान’, ‘घरचं’. पाणी वापर संस्थेला आम्ही तोंडाने ‘कालवा’च म्हणतो, कारण तिचं सगळं काम जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्याचं. बोलताना वापरतो तोच शब्द पडद्यावर आला की डोळा चुकत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. मुलीनेही मान डोलावली. पट्टीची कडा माउसने धरून थोडी उजवीकडे ओढली, तेव्हा फोल्डरांची नावंही पूर्ण दिसू लागली. इतकं सोपं काम इतके महिने कुणी केलं नव्हतं.

नवीन मेल लिहिताना वर ‘फ्रॉम’ची ओळ असते. तिथली यादी उघडली की प्रत्येक पत्त्यापुढे खात्याचं नवं नावही दिसतं. आमच्या दृष्टीने खरा उपयोग इथेच झाला. मेल पाठवण्याआधी त्या ओळीवर एकदा नजर टाकायची, असा आता कार्यालयाचा नियम आहे.

खात्यांचं काम तासाभरात आटोपलं. फोल्डरांनी जास्त वेळ खाल्ला.

कंपनीचं खातं जीमेलचं आहे. मध्यंतरी एका संचालकाने आपल्या सोयीसाठी जीमेलची भाषा मराठी केली होती. भाषा बदलली की पाठवलेली पत्रं, मसुदे, कचरा या जीमेलच्या ठरावीक फोल्डरांची नावंही त्या भाषेत येतात, आणि थंडरबर्डला तीच दिसतात. आमच्या थंडरबर्डमध्ये मसुदे ठेवायची जागा जुन्या इंग्रजी नावाने नोंदलेली होती. त्यामुळे इंग्रजी नावाचं एक आणि मराठी नावाचं एक अशी फोल्डरं झाली. अर्धवट लिहिलेलं पत्र कधी एकात सापडायचं, कधी दुसऱ्यात. यावर उपाय असा: अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ आहे. तिथे पाठवलेल्या पत्रांसाठी आणि मसुद्यांसाठी कुठलं फोल्डर वापरायचं ते हाताने निवडून द्यायचं. मग जास्तीच्या फोल्डरातली पत्रं हलवायची आणि ते रिकामं झाल्यावर काढून टाकायचं. रिकामं झाल्याची खात्री केल्याशिवाय काढू नका. जीमेलची भाषा कुठलीही ठेवा, पण एकदा ठरवा आणि सगळ्या संचालकांना सांगून ठेवा.

इनबॉक्सचं नाव बदलता येत नाही, त्यासाठी धडपडू नये. मेल सर्व्हरच्या नियमातच ते नाव राखीव आहे. आपण तयार केलेल्या फोल्डरांना मात्र उजवं बटण दाबून ‘रिनेम’ करता येतं. इथे एक फरक लक्षात ठेवायचा. खात्याचं नाव बदललं तर ते फक्त आपल्या संगणकावर बदलतं. फोल्डरचं नाव बदललं तर ते सर्व्हरवर बदलतं आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक फोनवर, संगणकावर नवं नाव दिसतं. म्हणून फोल्डरांना हात लावण्याआधी बाकीच्यांना विचारलेलं बरं.

आर्थिक वर्षाच्या फोल्डरांचा घोळ वेगळाच होता. कुणीतरी ब्राउझरमधून ‘२०२४/२५’ असं लेबल केलेलं. जीमेलमध्ये तिरकी रेघ म्हणजे फोल्डराच्या पोटातलं फोल्डर. त्यामुळे थंडरबर्डमध्ये ‘२०२४’ नावाचं एक फोल्डर आणि त्याच्या आत ‘२५’ असं दिसायचं. बाहेरचं रिकामं असायचं. ऑडिटच्या वेळी मुलगी बाहेरचं उघडून म्हणायची, यात काहीच नाही. आता आम्ही आडवी रेघ वापरतो, ‘२०२४-२५’. फोल्डरं वर्णक्रमाने लागतात, म्हणून सारखी लागणारी वर राहावीत यासाठी त्यांच्या आधी ०१, ०२ असे आकडे लावले. २०२५ मध्ये आलेल्या १४० व्या आवृत्तीपासून फोल्डरं हाताने ओढूनही क्रम लावता येतो. खाती ओढून वरखाली करणं त्याआधीच्या आवृत्त्यांतही जमतं, अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत. आम्ही ‘मोसंबी कंपनी’ सगळ्यात वर आणि ‘कालवा’ सगळ्यात खाली नेला. ती दोन शेजारी नकोतच.

मराठी फोल्डरांची एक अडचण आम्हाला ऑडिटरांच्या कार्यालयात कळली. त्यांनाही कंपनीचं खातं बघायला दिलेलं आहे. त्यांच्या जुन्या प्रोग्रामात आमचं ‘ऊस’ नावाचं फोल्डर उघडून दाखवलं, तर नावाच्या जागी सुरुवातीला अँडचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी अक्षरांची सरमिसळ. ऑडिटरांना वाटलं, व्हायरस आहे. तसं काही नव्हतं. मेल सर्व्हरशी बोलायच्या १९९६ च्या नियमात इंग्रजीबाहेरच्या लिपीतलं फोल्डरचं नाव विशिष्ट पद्धतीने इंग्रजी अक्षरांत बदलून ठेवायचं ठरलं होतं. पुढे २००३ च्या नियमातही तेच राहिलं. थंडरबर्ड ते पुन्हा देवनागरीत करून दाखवतो, काही प्रोग्राम दाखवत नाहीत. २०२१ च्या नव्या नियमात नावं थेट युनिकोडमध्ये ठेवायची सोय झाली, पण जुने सर्व्हर आणि जुने प्रोग्राम अजून चालू आहेत. मला आपल्या लिपीतलीच नावं हवी होती, म्हणून वाईट वाटलं. तरी जी फोल्डरं ऑडिटरांना लागतात ती आम्ही इंग्रजी अक्षरांत केली. बाकीची मराठीत ठेवली.

रंगांचंही सांगतो. २०२४ च्या जुलैत आलेल्या १२८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक खात्याला वेगळा रंग देता येतो. मुलीला ते फार हवं होतं. पण आमचा जुना संगणक विंडोज ७ चा, आणि त्यावर थंडरबर्डची ११५ वी आवृत्ती शेवटची. नवा संगणक घेतल्यावर कंपनीला नारिंगी आणि कालव्याला निळा रंग दिला. जुन्यावर फोल्डराच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन एकेका फोल्डराच्या खुणेचा रंग बदलत होतो, तेही बऱ्यापैकी चालत होतं.

हे सगळं करण्याआधी भाचीने एक गोष्ट करून घेतली होती. ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचं फोल्डर उघडायचं, थंडरबर्ड बंद करायचा आणि ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. त्यात सगळा मेल असतो, पासवर्डही असतात, म्हणून तो पेन ड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवला आहे. लागला नाही. पण मसुद्यांची फोल्डरं हलवताना तो आहे म्हणूनच हात थरथरले नाहीत.

दुकानाच्या आणि कंपनीच्या मेलची आता गल्लत होत नाही. पाणी वापर संस्थेच्या सचिवांच्या फोनवर मात्र अजून तिन्ही खाती जुन्याच नावांनी दिसतात, कारण फोनवर नावं वेगळी द्यावी लागतात. रब्बीची पाळी सुटलीय, ते दिवसभर चारीवर असतात. पाळी संपली की फोन घेऊन येतो म्हणालेत.